बापूसाहेबांचा जन्मभराचा पिक्चर

उत्कर्षाने मोबाइलमधून डोकं वर काढून प्रश्न विचारला तेव्हा दिग्विजयच्या तोंडात घास होता, आणि तो घास त्याने गरजेपेक्षा बराच वेळ चावला.

"सांगा की," उत्कर्षा म्हणाली. "जन्मभर एकच प्रेमाचा पिक्चर परत परत बघायचा म्हटला, तर कुठला बघाल?"

प्रश्न साधा होता. पण लग्नाला तीन वर्षं झालेल्या नवऱ्याला बायकोने विचारलेला कुठलाच प्रश्न साधा नसतो, एवढी समज दिग्विजयला होती. उत्तर मात्र नव्हतं.

"त्यो न्हाय का," तो म्हणाला, "हिरो ट्रॅक्टर घिऊन तिच्या गावात येतो..."

"नाव काय त्याचं?"

"नाव न्हाय ध्यानात. पन ट्रॅक्टर पन्नास एचपीचा हुता. पॉवर स्टेरिंग."

उत्कर्षाने आमटीचं पातेलं उचललं आणि आत नेलं. दिग्विजयची अर्धी भाकरी अजून ताटात होती.

कळसमधल्या त्या घरात त्या दुपारी बापूसाहेब गप्प राहिले असते, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण सुनेसमोर पोराला चार गोष्टी शिकवायची संधी बापूसाहेबांना सोडवत नसे. उसाला पाणी कसं द्यावं इथपासून सासुरवाडीला कसं बसावं इथपर्यंत त्यांनी दिग्विजयला सगळं शिकवलं होतं, आणि त्यातलं त्याला काहीही आलं नव्हतं.

"अरं, असं असतं व्हय उत्तर?" ते म्हणाले. "सूनबाई, मला इचार."

"सांगा मामा."

"काजळ कुणासाठी!" बापूसाहेबांनी पिक्चरचं नाव असं घेतलं की उत्कर्षा पातेल्यासकट बाहेर आली. "लगीन झालं आन आये, माझी भन कुशी, तुझी सासू आन मी बारामतीला गेलो. तवा नवरा-बायकूनं शेजारी बसायची रीत नव्हती. बायकांची तिकिटाची खिडकी येगळी, दार येगळं, जागा पार मागं. मी म्होरं गड्यांत, ही मागं आयेजवळ. पन दोघं एकच पिक्चर बघतोय, एवढ्यानंच माझं काळीज भरून आलं बघ. दुसऱ्या दिशी गोठ्यात हिला हळूच इचारलं, कसा वाटला? ही म्हनली, लई ग्वाड, शेवटाला रडू आलं. मी म्हनलं, मला बी. तितनं आमचं जे जमलं, ते जमलं. मला जन्मभर त्योच पिक्चर लावा, माझी ना न्हाय."

उत्कर्षाचे डोळे भरून आले. तिने सासऱ्यांना आमटी वाढली आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने उरलेली भाकरी कोरडीच खाल्ली.

ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या सारजाबाई भाच्याच्या मुलीच्या बारशाला माहेरी, वडगाव निंबाळकरला गेल्या होत्या. त्या घरात असत्या तर सगळा उलगडा आमटी गार व्हायच्या आत झाला असता. पण त्या नव्हत्या, आणि येत्या शनिवारी बापूसाहेब आणि सारजाबाईंच्या लग्नाचा वाढदिवस होता, आणि दिग्विजयला बायकोच्या मनातून उतरलेली आपली किंमत वर आणायची होती.

दिग्विजय पेटला. शनिवारी संध्याकाळी अंगणात पडदा लावून सगळ्या वस्तीला 'काजळ कुणासाठी' दाखवायचा, असं त्याने ठरवलं. उत्कर्षाने पिक्चर इंटरनेटवर शोधून काढला. बारामतीहून पडदा, स्पीकर आणि खुर्च्या सांगितल्या. राहता राहिला फ्लेक्स. आमच्याकडे पोराचं बारसं असो की बैलाचा वाढदिवस, फ्लेक्स लागल्याशिवाय तो झाला असं कुणी मानत नाही. कळसच्या स्टँडवर लागलेल्या त्या फ्लेक्सवर वरच्या अंगाला दिग्विजयचे गॉगल घातलेले मित्र होते, खालच्या अंगाला शुभेच्छुक होते, आणि मधे जी जागा उरली तिथे बापूसाहेब आणि सारजाबाई एका बदामात होते. खाली लिहिलं होतं, 'ज्या पिक्चरने ही जोडी जमवली, तो काजळ कुणासाठी! सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.'

सारजाबाई एसटीतून उतरल्या त्या थेट या बदामासमोर.

आपल्या चहाच्या टपरीवरून जोतीराम ओरडला, "वैनी, शनवारी येतोय बरं का आमी! लई छुप्या रुस्तुम निघाला तुमी!"

सारजाबाईंनी फ्लेक्स एकदा वाचला. पिशवी खाली ठेवून पुन्हा वाचला. मग पिशवी उचलून त्या घराकडे चालू लागल्या, आणि त्यांची चाल पाहून जोतीरामने पुढची थट्टा गिळली.

बापूसाहेब ओट्यावर दाढी करत होते. एक गाल झाला होता.

"ह्यो पिक्चर तुमी कुणासंगं पाहिला?" सारजाबाईंनी विचारलं.

"कुणासंगं म्हंजी? तुझ्यासंगं!"

"मी न्हाय पाहिला."

"अगं, लगीन झाल्यावर, बारामतीला. आये हुती, कुशी हुती."

"बारामतीला गेलो हुतो, पिक्चर बी पाहिला. पन त्यो 'देवी जानाई पावली'. देवीचा. तुमी म्होरं गड्यांत बसला हुता."

"मी? मी देवीचा पिक्चर उभ्या जन्मात पाहिला न्हाय!"

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यात काय आहे ते बापूसाहेबांच्या ध्यानात आलं. तोवर सारजाबाईंच्याही आलं होतं.

"म्हंजी," त्या एकेक शब्द सावकाश बोलत म्हणाल्या, "मला आत्याबाईंजवळ देवीम्होरं बसवलं, आन तुमी सवता उठून दुसरीकडं काजळवाला पिक्चर बघाया गेला."

"अगं न्हाय! तू हुतीस की तितं! मागं बसलीवतीस. हिरवं लुगडं, हिरवा चुडा. इंटरव्हलला मी भजीवाल्याच्या हातनं तुला भजी धाडली, कागदात बांधून. 'मागं हिरव्या लुगड्यातली नवी नवरी बसलीया तिला दे' म्हनलं. तू घेतलीस. माझ्याकडं बघून हासलीस बी!"

हा पुरावा बापूसाहेबांनी फार आशेने मांडला होता. सारजाबाईंनी तो ऐकून घेतला.

"मला," त्या म्हणाल्या, "कुणी भजी दिली न्हाय."

दाराआड उभ्या असलेल्या उत्कर्षाने तोंडावर हात ठेवला. बापूसाहेबांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. इतकी वर्षं ते हसू त्यांनी मनात जपलं होतं. रानात एकटे असले की आठवायचे. ते हसू कुणाचं होतं, हे त्यांना त्या क्षणी कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाचे पाय धरले असते.

सारजाबाई आत गेल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांनी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला, बापूसाहेबांना वाढलं, आणि "शनवारी मी माहेरी जाते. तुमी तिला बोलवा, भजीवालीला," एवढंच म्हणाल्या. सारजाबाई भांडल्या असत्या तर बापूसाहेबांना बरं वाटलं असतं. भांडणाची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी माघार घ्यायचं ठरवलं. खरं-खोटं गेलं उडत, घरात शांतता हवी.

"सारजे, मी इसरलो हुतो," ते गोठ्यात जाऊन म्हणाले. "त्यो देवीचाच पिक्चर हुता. मी हुतो तितं. आता आठवलं."

सारजाबाई धार काढत होत्या. "व्हय का? मग शेवटाला काय हुतं?"

"देवी परसन्न हुती."

"कुणाला?"

"भक्ताला."

"भक्त गडी का बाई?"

बापूसाहेबांनी गाईकडे पाहिलं. गाईने काही मदत केली नाही. "गडी," ते म्हणाले.

"बाई! आंधळी म्हातारी. तिच्यावर सगळा पिक्चर हाय," सारजाबाई म्हणाल्या, आणि बादली उचलून निघून गेल्या. आता मूळ गुन्ह्यात खोटं बोलण्याची भर पडली होती.

उत्कर्षाला वाटलं, आपण या घरातल्या शिकलेल्या, आपणच काहीतरी करावं. तिने दुपारी सगळ्यांना बसवलं. "आत्या, मामा खरंच भाबडेपणाने पिक्चरला गेले असतील. पिक्चर बघायलाच गेले होते ना, मग त्यांना गोष्ट पाठ असणार. मी मोबाइलवर बघून ठेवलीय. मामा, सांगा, काय गोष्ट आहे?"

कल्पना चांगली होती. फक्त बापूसाहेबांच्या कपाळावर घाम का आला ते कुणाला कळेना.

"एक हिरो असतो," ते म्हणाले.

"बरं."

"आन एक हिरवीन."

"हां. ती कोण असते?"

"ती... दिसायला बरी असते."

"मास्तरीण असते, मामा," उत्कर्षा हळूच म्हणाली. "शेवटी काय होतं? तुम्हाला रडू आलं ना?"

"शेवटाला," बापूसाहेब म्हणाले, "पिक्चर संपतो."

सारजाबाई उठल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. "तीन तास टाकीजात बसून ज्याला गोष्ट ठावं न्हाय, त्यो तितं काय करत हुता, ते मला आता इचारायचं बी न्हाय." आणि आत जाऊन त्या माहेरी न्यायच्या पिशवीत लुगडी भरू लागल्या.

बापूसाहेब तीन तास काय करत होते, याचं त्यांच्याकडे अगदी खरं उत्तर होतं. पण ते आता सांगितलं असतं, तर आजवरच्या सगळ्यापेक्षा ते भयंकर ठरलं असतं.

गावात तोवर बोभाटा झालाच होता. बचत गटाच्या बायका सारजाबाईंच्या बाजूने होत्या. जोतीरामने टपरीवर भजी मागणाऱ्या प्रत्येकाला "कुणाला धाडायची?" असं विचारायला सुरुवात केली होती. दिग्विजयने रात उलटायच्या आत फ्लेक्सवर 'काजळ कुणासाठी'च्या जागी 'देवी जानाई पावली' अशी पट्टी चिकटवून आणली, आणि वडिलांनी ती सकाळी जाऊन स्वतःच्या हाताने फाडली. खोटंच चिकटवायचं तर निदान ओळ तरी सरळ असावी, असं ते म्हणाले.

शनिवारी सकाळी बापूसाहेबांनी मोटारसायकल काढली आणि निमगाव केतकी गाठलं. त्या दिवशी बारामतीला सोबत असलेल्यांपैकी आई आता नव्हती. उरली होती बहीण कुशाबाई. कुशाबाई पानमळ्यात वेल बांधत होत्या. बापूसाहेबांनी बांधावर बसून सगळं सांगितलं.

"कुशे, तू हुतीस आयेसंगं. खरं सांग. सारजा त्या टाकीजात हुती का न्हवती? मला काय बी कळंना झालंय. मी कुणाला भजी दिली गं?"

कुशाबाईंनी वेल सोडला. एक कोवळं पान खुडून तोंडात टाकलं. आभाळाकडे बघत म्हणाल्या, "आये, आता माझा नाविलाज हाय."

"म्हंजी?"

"तुला एकट्याला न्हाय सांगायची. काढ गाडी. वैनीम्होरंच सांगते."

"थोडं तरी सांग!"

"न्हाय."

निमगाव ते कळस हा रस्ता बापूसाहेबांच्या पायाखालचा. पण मागे बसलेली बहीण एक अक्षर बोलत नाही आणि मधेच फसकन हसते, अशा अवस्थेत तो त्यांना काशीइतका लांब वाटला.

घरी पोचले तेव्हा मांडववाले अंगणात पडदा ताणत होते आणि सारजाबाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. बचत गटाच्या रतनबाई आणि सरुबाई त्यांना निरोप द्यायला आल्या होत्या. खरं तर बघायला आल्या होत्या.

"वैनी, पिशवी ठिवा," कुशाबाई गाडीवरून उतरता उतरता म्हणाल्या. "ह्यात दादाचा काय दोष न्हाय. ही सगळी आयेची करामत."

"आत्याबाईंची?"

"तर! टाकीजाम्होरं आलो. दादा गड्यांच्या दारानं आत गेला. आयेनं वर बोर्ड वाचाया लावला मला. 'काजळ कुणासाठी.' आये म्हनली, नव्या सुनेला घिऊन मी असला पिक्चर बघू? उद्या ही पोरगी काजळ घालून उसात जाईल! तवा तिनं काय करावं? म्हनली, बायकांचं दार मागल्या गल्लीत हाय, चला. आन मागल्या गल्लीतल्या दुसऱ्या टाकीजात नेलं आमाला, देवीच्या पिक्चरला. वैनी, तुमची मान खाली, डोईवर पदर. तुमाला काय कळनार कुठलं दार कुठल्या टाकीजाचं! सुटल्यावर सगळी एसटी स्टँडवर भेटलो. आयेनं मला शपथ घातली, दादाला कळलं तर त्यो रुसंल, जन्मात बोलायचं न्हाय. मी न्हाय बोलले."

मांडववालासुद्धा दोरी धरून ऐकत उभा राहिला.

"म्हंजी," बापूसाहेब म्हणाले, "ही मला सोडून गेली न्हवती, आन मी हिला."

"कुनी कुणाला सोडलं न्हाय. आये दोघांना सोडून गेली."

बापूसाहेबांचा जीव असा भांड्यात पडला की ते तिथेच ओट्यावर बसले. पण सारजाबाईंनी पिशवी अजून खाली ठेवली नव्हती.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हिरव्या लुगड्यातली नवरी कुणाची बी आसंल. लगीनसराईत सगळं टाकीज हिरवंगार आसतं. पन ह्यांना गोष्ट का आली न्हाय सांगता? तीन तास काय केलं?"

सुनेसमोर, बहिणीसमोर, रतनबाई आणि सरुबाईसमोर बापूसाहेबांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. आता सांगायला हरकत नव्हती.

"मी पडद्याकडं बघितलंच न्हाय गं," ते म्हणाले. "मान वळवून मागं बघत हुतो. अंधारात हिरवं लुगडं दिसायचं, मला वाटायचं तू. तू हासलीस की मला वाटायचं आता हासायची जागा आली. तू डोळं पुसलंस तवा मला बी रडू आलं. मागच्यानं दोनदा पाठीत गुद्दा घातला, 'म्होरं बघ की' म्हनून. गोष्ट कुठनं कळनार मला?"

सरुबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या काही निराळं बघायला आल्या होत्या, पण हेही चाललं त्यांना. दिग्विजय बायकोकडे बघत होता. उत्कर्षा त्याला म्हणाली, "बघा. ट्रॅक्टर म्हणे!" पण हे म्हणताना ती हसत होती, आणि त्या दिवशी त्याला आमटी दोनदा मिळाली.

सारजाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दुपारचं काय खाल्लंय का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बापूसाहेबांनी नाही म्हणून मान हलवली आणि त्यांना हसू आवरेना.

संध्याकाळी अंगण भरलं. बारामतीहून आलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं ओट्यावर, ट्रॉलीवर, भिंतीवर बसली. सगळ्यांपुढे दोन खुर्च्या जवळजवळ मांडल्या होत्या. बापूसाहेब आणि सारजाबाई त्यांवर बसले. सगळ्या गावासमोर असं शेजारी बसून पिक्चर बघायची दोघांची ही पहिलीच वेळ. सारजाबाईंनी पदर नीट केला, मग तो सोडून दिला. बापूसाहेबांना आतून इतकं हलकं वाटत होतं, की आता पडद्यावर काहीही लागलं असतं तरी त्यांना ते आवडलं असतं.

पिक्चर सुरू झाला. मास्तरीण टांग्यातून उतरली.

"ही कोण?" सारजाबाईंनी विचारलं.

"मास्तरीण," बापूसाहेब रुबाबात म्हणाले. "उत्कर्षानं सांगितलं न्हाय का."

थोडा वेळ दोघे बघत राहिले. मग सारजाबाई हळूच म्हणाल्या, "अवं, एक सांगू का?"

"सांग की."

"मी बी देवीला कुठं बघितलं? आंधळी म्हातारी तेवढी ध्यानात हाय, कारन ती लई आरडायची. म्होरं गड्यांत एक गुलाबी फेटा बसला हुता. मला वाटलं, तुमीच. लग्नात तुमचा फेटा गुलाबीच हुता. आन तसं बी मी तवा तुमाला नीट बघितलं तरी कुठं हुतं? मान खाली, मला नुसत्या तुमच्या चपला वळखू यायच्या. तीन तास त्या फेट्याकडंच बघत बसले. त्यो बी सारखा मागं वळून बघायचा. मला वाटायचं, किती माया हाय ह्या मानसाला."

बापूसाहेब हसले. मग हसायचे थांबले. पडद्यावर हिरोची एंट्री झाली, अंगणात शिट्ट्या वाजल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"सारजे," ते त्यांच्याकडे वळून म्हणाले, "त्या दिशी तर मी टोपी घातली हुती. कुणाचा हुता गं त्यो फेटा?"

सारजाबाईंनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड पडद्याकडे फिरवलं.

"आता तरी म्होरं बघा," त्या म्हणाल्या.